तिळगुळाने अबोला सुटत नाही

चि. मुली,
अनेक आशीर्वाद.

परवा तू आलीस, समोरचा चहा गार होईपर्यंत बोललीस आणि निघताना चपला घालता घालता म्हणालीस, "बाई, हे प्रेम आहे की नुसत्या लहानपणच्या आठवणी, तेवढे सांगा." मी तेव्हा उत्तर दिले नाही. प्रश्नच चुकला आहे असे मला वाटत होते, आणि दारात उभ्या असलेल्या माणसाला तसे सांगणे बरे दिसत नाही. आता निवांत बसून लिहिते.

ज्या मुलाचे कार्यालय ऐरोलीला आहे, तो रोज सकाळी ठाण्याच्या दहा नंबरच्या फलाटावर तुझी वाट पाहतो, ऐरोलीला न उतरता रबाळे आणि घणसोली मागे टाकून कोपरखैरण्यापर्यंत तुझ्यासोबत येतो आणि तिथून उलटी गाडी पकडून पुन्हा ऐरोलीला जातो. त्याच्या मनात काय आहे हे विचारायला एका निवृत्त शिक्षिकेकडे यावे लागत नाही. तुझ्या मनात काय आहे तेही मला दिसले. त्याचे नाव घेताना तू दर वेळी कपाची बशी फिरवत होतीस. तो मुद्दा मी इथेच संपवते.

तुझ्या मैत्रिणीने काढलेली शंकाही लगेच बाजूला ठेवू. बालपण एकत्र गेलेल्या मुलांमध्ये पुढे आकर्षण निर्माण होत नाही, हे मत वेस्टरमार्क या फिनिश अभ्यासकाने 1891 मध्ये मांडले होते हे खरे. पण तो बोलत होता ते आयुष्याच्या अगदी पहिल्या वर्षांपासून एका घरात, भावंडांसारख्या वाढलेल्या मुलांविषयी. तुम्ही दोघे पाचवीत माझ्या वर्गात आलात तेव्हा दहा वर्षांचे होतात आणि समोरासमोरच्या इमारतींत राहत होतात. कोणी अर्धवट वाचून काही सांगितले की लगेच घाबरायचे, ही तुझी सवय अजून गेलेली नाही.

आता खरी गोष्ट. तुझ्या तासाभराच्या बोलण्यात एक वाक्य तू फार घाईने उरकलेस. बारावीची परीक्षा तोंडावर असताना त्याचे वडील गेले, समोरच्या इमारतीत त्यांच्या घरचा दिवा रात्रभर जळताना तुला तुझ्या खिडकीतून दिसत होता, आणि तू गेली नाहीस. आई म्हणाली, परीक्षा झाल्यावर जा. परीक्षा झाल्यावर कोणत्या तोंडाने जायचे हा प्रश्न पडला आणि पुढची आठ वर्षे गेली. हे सांगून तू लगेच म्हणालीस, "पण तो त्याविषयी एक शब्दही काढत नाही, म्हणजे विसरला असेल."

विसरलेला नाही. वडिलांचे तेरा दिवस कोणी विसरत नाही, आणि त्या तेरा दिवसांत कोण आले नाही हे तर त्याहून विसरत नाही. तो बोलत नाही, कारण बोलल्याने हे सगळे मोडेल अशी भीती त्यालाही वाटते.

मराठीत आपण अबोला 'धरतो', हे मी तुम्हाला वर्गात कधी सांगितले होते की नाही, आठवत नाही. हट्ट धरतो, हात धरतो, तसाच अबोला धरतो. धरलेली वस्तू आपोआप गळून पडत नाही. ती सोडावी लागते, आणि सोडण्यासाठी आपण काय धरले आहे ते एकदा पाहावे लागते. पुन्हा बोलणे सुरू झाले म्हणजे अबोला सुटला, हा समज अगदी खोटा आहे. तुम्ही दोन महिने रोज बोलत आहात. अबोला जिथल्या तिथे आहे.

तू मला एकदा विचारले होतेस की बाई, तुम्ही लग्न का केले नाही, आणि मी तुला व्याकरणाची वही आणायला पाठवले होते. तर ऐक.

ठाण्यात नौपाड्यातल्या आमच्या चाळीत एकाच गॅलरीवर आमची आणि एका मुलाच्या घरची खोली होती. अभ्यास, पत्ते, उन्हाळ्यात कुरडया राखणे, सगळे एकत्र. नववीत असताना, 1972 मध्ये, एका सोमवारी तो माझ्याशी बोलायचा थांबला. आदल्या दिवशी काही घडले नव्हते, निदान मला माहीत असलेले काही नव्हते. मी दोन दिवस वाट पाहिली आणि मग मीही बोलले नाही, कारण सुरुवात त्याने केली होती आणि शेवटही त्यानेच करावा असे मला वाटत होते. वर्षभराने ते लोक डोंबिवलीला राहायला गेले. ट्रकमध्ये सामान चढत होते तेव्हा मी गच्चीवर होते. खाली उतरले नाही.

1981 मध्ये गडकरी रंगायतनला नाटकाच्या मध्यंतरात बटाटेवड्याच्या रांगेत तो माझ्या पुढे उभा होता. दोघेही हसलो. पुढच्या संक्रांतीला तो घरी आला, तिळगूळ दिला, गोड बोला म्हणाला, मी घेतला, आणि आम्ही खरोखरच गोड बोलायला लागलो. वर्षभर तलावपाळीला फेऱ्या मारल्या. नोकरी, नाटके, कोणाचे लग्न ठरले, कोण वारले, सगळे बोललो. त्या सोमवारविषयी मात्र एक अक्षर नाही. तिळगुळावर माझा राग नाही, पण संक्रांतीची ही फार सोयीची युक्ती आहे हे तुला सांगून ठेवते. काही न विचारता, काही न सांगता बोलणे सुरू करता येते. जावाजावांना, शेजाऱ्यांना ती पुरते. ज्याच्याबरोबर आयुष्य काढायचे आहे, त्याच्यासाठी ती पुरत नाही.

कारण माझे काय होत असे, ते सांगते. तो वीस मिनिटे उशिरा आला की मला वाटे, थांबला, हा पुन्हा थांबला. आठवडाभर पत्र आले नाही की मी आदल्या भेटीतले माझे प्रत्येक वाक्य तपासत असे. 1983 मध्ये त्याने लग्नाचे विचारले आणि मी नाही म्हणाले. कारण सांगितले नाही. त्याने दोनदा विचारले, तरी सांगितले नाही. जे त्याने नववीत केले, तेच मी सव्विसाव्या वर्षी, सगळी समज आलेली असताना केले.

माझी कीव करू नकोस. ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या बसचे धक्के खात, आणि 2004 मध्ये ठाणे-वाशी लोकल सुरू झाल्यावर गाडीने, मी वाशीच्या शाळेत आयुष्य घातले आणि ते चांगले गेले. शिवाय कारण त्यानेच सांगायला हवे होते. थांबला तो होता, मी नव्हे. मी विचारले नाही ते भीतीने नव्हे, स्वाभिमानाने. हे वाक्य मी इतकी वर्षे म्हणत आले आहे की आता ते व्याकरणाच्या नियमासारखे पाठ झाले आहे. तू मात्र ते पाठ करू नकोस.

तुझे काम माझ्यापेक्षा सोपे आहे, आणि म्हणूनच मला तुझा राग येतो. मला कारण माहीत नव्हते. तुला पुरते माहीत आहे. मला विचारायचे होते. तुला फक्त सांगायचे आहे. तर आधी ते सांग, प्रेमाचे नंतर. लोकलमध्ये सांगू नकोस, कोपरखैरणे आले की वाक्य अर्धे राहील आणि तुला तेच हवे असेल. मोबाईलवर लिहून तर मुळीच नको. तलावपाळीही नको, तिथे मी वर्षभर चालले आणि कामाचे एकही वाक्य बोलले नाही. वाशीतल्या सिडकोच्या जुन्या इमारती आता एकेक करून पुनर्विकासाला जात आहेत. तुमच्या अजून उभ्या असतील तर एखाद्या रविवारी त्याला तिथे घेऊन जा. तुझी खिडकी आणि त्यांची गॅलरी समोर असेल तेव्हा सांग, की दिवा दिसत होता आणि मी आले नाही. त्यापुढे 'पण' लावू नकोस. आईला मध्ये आणू नकोस, परीक्षेला आणू नकोस. तो चिडेल, कदाचित निघून जाईल, चार दिवस ऐरोलीलाच उतरेल. उतरू दे. त्या चार दिवसांत तुला जे वाटेल ते मला कळवायला विसरू नकोस, कारण ते मला कधी अनुभवता आले नाही. आणि तो चिडला नाही, नुसता "जाऊ दे गं" म्हणाला, तर जाऊ देऊ नकोस. 'जाऊ दे' हा तिळगूळच आहे.

माझ्या गोष्टीतला तो आता इथेच ठाण्यात असतो. मराठी ग्रंथसंग्रहालयात वर्तमानपत्रांच्या टेबलाशी आम्ही अधूनमधून समोरासमोर येतो. गेल्या संक्रांतीला त्याने खिशातून कागदाची पुडी काढून तिळगूळ दिला, मी घेतला, आणि आम्ही दोघेही पुन्हा वर्तमानपत्र वाचू लागलो. याविषयी तू मला काही सुचवू नयेस, एवढी माझी अपेक्षा आहे.

उत्तर पत्रानेच पाठव. फोनवर तू हसून विषय बदलतेस.

तुझी
बाई