लॅब्राडोरला खारघरच्या डोंगरावर पट्टा काढून मोकळं सोडावं का?

प्रश्न असा: दोन वर्षांचा लॅब्राडोर आहे, नुकतेच खारघरला राहायला आलोय, डोंगराकडे पट्टा काढून फिरवायला चांगली जागा कोणती? आणि पुढे जोडलंय, ‘हाक मारली की येतो, तरी काय काळजी घ्यावी?’

उत्तर लिहायला बसलो ते या शेवटच्या वाक्यामुळे. आमचे दाजी त्यांच्या लॅबबद्दल हेच वाक्य चार वर्षं ऐकवतायत. सोसायटीच्या आवारात येतो, मान्य. तिथे त्याला दुसरा उद्योगच काय असतो? समोर शेळी पळत असताना येतो का, ते सांगा.

जागांचं आधी उरकतो. ठाण्याचं येऊर विसरा. तो संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे, आणि तिथल्या बिबट्यांच्या खाण्यात कुत्र्यांचा वाटा मोठा आहे. सीवूड्सचा डीपीएस तलाव, टी. एस. चाणक्य या नौकानयन प्रशिक्षण संस्थेच्या मागची पाणथळ जागा, इथे हिवाळ्यापासून मे महिन्यापर्यंत फ्लेमिंगो असतात. कुत्रा सोडलात की अख्खा थवा उठतो, आणि कुत्रा कमरेइतक्या चिखलात रुततो तो वेगळाच. पांडवकडा धबधब्याकडे पावसाळ्यात बंदी असते. राहिला खारघरचा डोंगर. वर चाफेवाडी आणि फणसवाडी हे आदिवासी पाडे आहेत, म्हणजे कोंबड्या आहेत, शेळ्या आहेत. जा, पण दहा मीटरच्या दोरावर. का ते सांगतो.

ऑक्टोबरातला रविवार, सकाळचे साडेआठ. दाजींचा लॅब, वय चार, वजन अडतीस किलो, म्हणजे हवं त्यापेक्षा सहा-सात किलो जास्त. सोबत एक गावठी कुत्री, सतरा किलो. डांबरी रस्ता सोडून पठारावरच्या गवतात शिरल्यावर दोघांचे पट्टे काढले. दहाव्या मिनिटाला शेळ्या दिसल्या. कुत्री आधी सुटली, तिच्यामागे लॅब. हाका, शिट्ट्या, खिशातली बिस्किटं, कशाचाही उपयोग नाही. वीस मिनिटं दोघं कळपामागे वर-खाली धावत होते. चावा कुणालाच बसला नाही. पण नुसतं पळवल्यानेही गाभण शेळी गाभ टाकू शकते, त्यामुळे शेळ्या राखणारा ओरडत होता ते उगाच नव्हे.

दोघं परत आले तेव्हा कुत्री धापत होती, पाच मिनिटांत सावलीत आडवी झाली आणि ठीक होती. लॅबची जीभ मात्र नेहमीसारखी लोंबत नव्हती. टोकाशी फुगून, रुंद होऊन चमच्यासारखी वर वळली होती. ओठ कानापर्यंत मागे ओढलेले, लाळ दोरीसारखी चिकट, हिरड्या विटकरी लाल. दाजी म्हणाले, ‘दमलाय, मजा आली त्याला.’ ती जीभ म्हणजे उष्माघाताची खूण. ओळखता आली असती तर पुढचं सगळं टळलं असतं.

कुत्र्याला घाम येतो तो फक्त पंजांच्या गाद्यांना. बाकी उष्णता बाहेर टाकायची ती धापेनं, म्हणजे जिभेवरचा आणि नाकातला ओलावा वाफ करून. खाडीकाठच्या ऑक्टोबरात दोरीवरचा टॉवेल दुपारपर्यंत ओला राहतो, तिथे जिभेवरचं पाणी काय उडणार? धाप चालू राहते, थंडावा मिळत नाही, उलट धापण्याच्या मेहनतीने आणखी उष्णता तयार होते. वर चरबीचा थर आणि लॅबचा दुहेरी केसांचा कोट. पट्टा हातात असला की किती धावायचं हे माणूस ठरवतो. मोकळा सोडलात की शेळी ठरवते.

यानंतर चार चुका झाल्या, चारही नेहमीच्या. बाटलीत अर्धा लिटर पाणी होतं, ते तोंडात ओतायचा प्रयत्न केला. ठसका लागला, ते पाणी फुप्फुसात जाऊ शकतं. मग त्याला वीस मिनिटं चालवत खाली आणला, म्हणजे तापलेल्या स्नायूंना आणखी काम. वाटेत वाहता ओहोळ होता. दाजींनी त्यात बसवू दिलं नाही, कारण गाडीची सीट भिजेल आणि कुत्र्याला सर्दी होईल. गाडीत ओला टॉवेल गुंडाळला. अंगावर पडून राहिलेला ओला टॉवेल दोन-तीन मिनिटांत अंगाइतका गरम होतो आणि खाली वाफ कोंडते. दवाखान्यात पोचेपर्यंत पाऊण तास गेला. गुदद्वारात थर्मामीटर लावला तेव्हा १०७.२ फॅरनहाइट. निरोगी कुत्र्याचं तापमान १०१ ते १०२.५ असतं. जोरात धावल्यावर थोडा वेळ १०४-१०५ होतं आणि उतरतं. १०६ च्या वर आणि सोबत झोकांड्या, म्हणजे उष्माघातच.

करायचं काय? आधी गार करा, मग गाडीत घाला. लंडनच्या रॉयल व्हेटरिनरी कॉलेजचे पशुवैद्यही हाच क्रम सांगतात. बर्फाचं पाणी वापरू नका, रक्तवाहिन्या आकसतात, असं पूर्वी सांगायचे. त्या वादात पडू नका, हाताशी जे पाणी असेल ते वापरा, कुत्र्यापेक्षा थंड असलं म्हणजे झालं. ओहोळ असेल तर मानेपर्यंत बसवा, डोकं वर धरून. नाहीतर पोट, काख, जांघा आणि पंजे यांवर ओतत राहा, केसांत बोटं घालून पाणी कातडीपर्यंत पोचवा, वरून वारा घाला. त्याच वेळी दुसऱ्याने दवाखान्यात फोन करावा. गाडीच्या काचा उघड्या, एसी पूर्ण, टॉवेल खाली अंथरायचा, अंगावर नाही. तापमान १०३ वर आलं की ओतणं थांबवा, नाहीतर ते खाली घसरतच जातं. पाणी स्वतःहून पीत असेल तरच द्या. पॅरासिटामॉल अजिबात नाही. हा ताप नाही, त्या गोळीने हे तापमान उतरत नाही, यकृताला मार बसतो तो वेगळा.

गार झाला, शेपटी हलवायला लागला, म्हणून घरी नेऊ नका. उष्णतेने आतड्याचं अस्तर भाजून निघतं, रक्त गोठण्याची यंत्रणा बिघडते, मूत्रपिंडांना मार बसतो, आणि हे सगळं दिसायला एक ते तीन दिवस लागतात. या लॅबला त्या रात्री रक्ताचे जुलाब झाले. दुसऱ्या दिवशी प्लेटलेट बासष्ट हजार होत्या, जिथे साधारण दोन लाखांच्या वर हव्यात. चार दिवस सलाईनवर होता. वाचला. साखर, प्लेटलेट, क्रिएटिनिन (मूत्रपिंडांसाठी) आणि रक्त गोठण्याची तपासणी पहिल्या दिवशी करा, चोवीस तासांनी पुन्हा करा. बिलाकडे बघून दुसरी तपासणी टाळू नका.

आता दोर. दाजींचं म्हणणं, ‘म्हशीला दावं बांधतात तसं कुत्र्याला काय बांधायचं?’ दावं नाही हो, लाँग लाईन म्हणतात. बॅगा शिवणाऱ्याकडे नायलॉनची पट्टी मिळते, पाऊण ते एक इंच रुंद. दहा मीटर घ्या, एका टोकाला चांगला हुक शिवून घ्या, बाजारातल्या तयार दोराच्या निम्म्या पैशात होतं. गोल बारीक दोरी नको, हात कापते. बटण दाबून आत जाणारा पट्टा तर मुळीच नको. हुक हार्नेसच्या, म्हणजे छातीभोवती बांधायच्या पट्ट्याच्या, पाठीवरच्या कडीत अडकवा, गळ्यातल्या पट्ट्यात कधीच नाही. दहा मीटर धावून झटका बसला की मान आणि श्वासनळी दुखावते. दुसऱ्या टोकाला मूठ ठेवू नका, ती मुळांत आणि दगडांत अडकते. दोर जमिनीवर घसरत राहू द्या, निसटायला लागला की बुटाने दाबा. हाताने पकडायला जाल तर तळवा भाजेल.

हाकेचा सराव याच दोरावर. शब्द वेगळा ठेवा, घरात दिवसभर वापरला जाणारा ‘ये’ किंवा त्याचं नाव नको. एकदाच म्हणायचं. आला की उकडलेल्या चिकन लिव्हरचा तुकडा, आणि लगेच पुन्हा मोकळं. हे शेवटचं लोक विसरतात. फिरणं संपवतानाच हाक मारली की कुत्रा शिकतो, हाक म्हणजे मजा बंद. दहातून नऊ वेळा येऊ लागला की पुढची पायरी: लांब उभा माणूस, मग दुसरा कुत्रा, मग लांबवर चरणाऱ्या शेळ्या. प्रत्येक पायरीला दोन-तीन आठवडे धरा. आणि दोन कुत्री असतील तर दोघांना एकदम सोडू नका. एकटा कुत्रा मालकाकडे वळून बघतो, जोडी मात्र एकमेकांकडे बघते.

गवतात घोणस असते. कुत्रा नाक घालतो, म्हणून चावा बहुतेक तोंडावर किंवा पुढच्या पायावर. दोरी आवळून बांधू नका, जखम कापू नका, त्याला चालवू नका, उचलून आणा आणि वेळ लिहून ठेवा. माणसांना देतात तेच सर्पविषरोधक सीरम कुत्र्यालाही चालतं. ते कुठल्या दवाखान्यात ठेवतात याची चौकशी आजच करा. घरी आल्यावर कानांत आणि बोटांच्या बेचक्यांत गोचीड तपासा.

मी डॉक्टर नाही. तुमचा लॅब सडपातळ असेल तर धोका थोडा कमी, पग किंवा बुलडॉगसारखा चपट्या नाकाचा असता तर सकाळी सातनंतर नेऊच नका म्हटलं असतं. शेळ्यांशी लहानपणापासून वाढलेले कुत्रे मोकळे छान राहतात, पाड्यावर रोज दिसतील. ते तुमच्या फ्लॅटमधले नव्हेत. आणि माणसांच्या बाबतीत लक्षात ठेवा, कुत्र्यापासून कुणाच्या जिवाला धोका होईल असा निष्काळजीपणा हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली गुन्हा आहे.

दाजी अजून म्हणतात की त्या दिवशी कुत्र्याला उन्हाची ॲलर्जी झाली होती. पण गेल्या महिन्यात त्यांनीही दहा मीटर पट्टी शिवून घेतली. तुम्ही भगवी किंवा पिवळी घ्या. त्यांनी हिरवी घेतलीय, गवतात सापडत नाही.