वजनकाटा हलला नाही म्हणून चालणे थांबवू नका

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. चार महिने, आठवड्यातले पाच दिवस, रोज पाऊण तास तुम्ही चालत आहात. वजन मात्र ८४ किलोंवरून जेमतेम ८२.५ किलोंवर आले. म्हणून ‘एवढे करून उपयोग काय, आणि उपयोग असेल तर गोळ्या बंद करता येतील का’ असे तुम्ही विचारले आहे. पण त्याच प्रश्नात तुम्ही तपासण्यांचे आकडे दिले आहेत: एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या सरासरी साखरेचा टक्क्यांतला आकडा) ७.६ वरून ७.०, रक्तदाब १४६/९२ वरून १३८/८६, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) २३० वरून १७०, आणि एलडीएल (‘वाईट’ कोलेस्टेरॉल) १३४ होते ते १३१. मी डॉक्टर नाही. गेली तेरा वर्षे टाइप २ मधुमेह आणि उच्च रक्तदाब सांभाळत असलेला, आणि या विषयावर हाती लागेल ते वाचून स्वतःच्या आकड्यांशी ताडून पाहणारा माणूस आहे. हे आकडे पाहून माझे मत असे झाले की व्यायाम तुम्हाला चांगलाच लागू पडला आहे. तुम्ही त्याचे मोजमाप फक्त भलत्या काट्यावर करत आहात.

आधी साखरेचे पाहू. जेवणानंतर रक्तात आलेल्या साखरेचा मोठा वाटा स्नायू उचलतात आणि एरवी त्यासाठी त्यांना इन्सुलिनची गरज लागते. टाइप २ मधुमेहात स्नायू इन्सुलिनला पुरेशी दाद देत नाहीत, म्हणून साखर रक्तात रेंगाळते. पण काम करणाऱ्या स्नायूला दुसरी वाटही मोकळी असते: तो आकुंचन पावू लागला की ग्लूट-४ नावाची साखरवाहक प्रथिने पेशीच्या आतून पृष्ठभागावर येतात आणि इन्सुलिनची वाट न पाहता साखर आत घेतात. चालणे थांबल्यावरही हा परिणाम लगेच ओसरत नाही, कारण वापरला गेलेला ग्लायकोजेनचा, म्हणजे साठवलेल्या साखरेचा, साठा स्नायूला पुन्हा भरायचा असतो, आणि पुढचे २४ ते ७२ तास इन्सुलिनही त्याच्यावर अधिक चांगले काम करते. या सगळ्या व्यवहारात वजन घटण्याची अट कुठेच नाही.

त्याच वेळी, हा परिणाम दोन-तीन दिवसांत विरतो हेही यातच आले. म्हणून मधुमेहींसाठीच्या मार्गदर्शक सूचनांत सलग दोन दिवसांपेक्षा जास्त खाडा पडू देऊ नये असे सांगितलेले असते. तुम्ही सोमवार ते शुक्रवार चालता आणि शनिवार-रविवार पूर्ण विश्रांती घेता असे दिसते. त्यापेक्षा सुट्टीचे दोन दिवस एकमेकांपासून दूर ठेवा. मिनिटे तेवढीच राहतील आणि परिणाम आठवडाभर टिकेल.

२०११ मध्ये अनेक चाचण्यांचे एक एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झाले. त्यात आखीवरेखीव व्यायामाने मधुमेहींचे एचबीए१सी सरासरी ०.६७ ने कमी झालेले आढळले. आठवड्याला १५० मिनिटांहून अधिक व्यायाम करणाऱ्यांत ही घट ०.८९ होती आणि त्याहून कमी करणाऱ्यांत ०.३६. तुमची घट ०.६ आहे, म्हणजे जे अपेक्षित होते तेच तुम्हाला मिळाले आहे. त्याच विश्लेषणातली आणखी एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते: नुसत्या ‘व्यायाम करत जा’ या तोंडी सल्ल्याने आकडा खाली आला तो आहाराच्या सल्ल्याची जोड होती तिथेच.

मी स्वतः एकदा दोन आठवडे एक साधा प्रयोग केला होता. रात्रीचे जेवण रोज त्याच वेळी, त्याच मापाचे घ्यायचे. एक दिवस जेवून बसून राहायचे आणि दुसऱ्या दिवशी जेवून उठल्याबरोबर पंधरा मिनिटे चालायचे. दोन्ही दिवशी पहिल्या घासापासून दीड तासाने बोट टोचून आकडा वहीत लिहायचा. बसलेल्या दिवसांच्या रकान्यात १९८, २०६, १९१ असे आकडे आले, तर चाललेल्या दिवसांच्या रकान्यात १६२, १५५, १६८. एका माणसाच्या वहीवरून शास्त्र सिद्ध होत नाही, हे मला मान्य आहे. पण न्यूझीलंडमध्ये ४१ मधुमेहींवर झालेल्या आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाचा कलही हाच होता: दिवसातून केव्हाही सलग ३० मिनिटे चालण्यापेक्षा प्रत्येक मुख्य जेवणानंतर १० मिनिटे चालल्याने जेवणानंतरची साखर सरासरी १२ टक्क्यांनी कमी राहिली, आणि रात्रीच्या जेवणानंतर तर हा फरक २२ टक्के होता. तुमच्या पाऊण तासातली पंधरा मिनिटे रात्रीच्या जेवणानंतर वळवून पाहा. ग्लुकोमीटर घरी असेल तर दोन रकाने आखून स्वतःचे आकडे लिहा. दुसऱ्याचे शंभर अनुभव वाचून पटत नाही ते अशा एका पानाने पटते.

आता वजनाकडे येतो. पट्टा एक भोक आत गेला, असे तुम्ही जाता जाता लिहिले आहे. माझ्या मते तुमच्या संपूर्ण प्रश्नातली सर्वांत मोलाची माहिती ती आहे. पोटाच्या पोकळीत आतड्यांभोवती आणि यकृतात साठलेली चरबी चयापचयाला सर्वाधिक घातक असते, आणि नियमित व्यायामाने ती कमी होते, अगदी एकूण वजनात फारसा फरक पडला नाही तरीही. काट्याला चरबी आणि स्नायू यांतला भेद कळत नाही. टेपला निदान पोटाचा घेर तरी कळतो. शेवटची बरगडी आणि कमरेच्या हाडाचा वरचा काठ यांच्या बरोबर मध्यावर टेप धरा, श्वास सहज सोडा आणि पोट आत न ओढता माप घ्या. महिन्यातून एकदा, सकाळी, एवढे पुरे.

हृदयाच्या बाबतीत तर वजनापेक्षा दमसास अधिक सांगून जातो. १९५३ मध्ये जेरेमी मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरचे चालक आणि वाहक यांची तुलना केली. दिवसभर बसून असणाऱ्या चालकांमध्ये हृदयविकाराचे प्रमाण दिवसभर जिने चढणाऱ्या वाहकांपेक्षा जास्त होते. मॉरिस तेवढ्यावर थांबले नाहीत, याचे मला नेहमी कौतुक वाटते. पुढे त्यांनी दोघांच्या गणवेशांची मापे तपासली, तेव्हा चालकांच्या कमरेची मापे मुळातच मोठी असल्याचे निघाले. म्हणजे सगळा फरक जिन्यांच्या खात्यावर टाकता येत नव्हता. त्यानंतरच्या असंख्य अभ्यासांनी मात्र मूळ निष्कर्षाला बळकटीच दिली. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ६,२१३ पुरुषांच्या ट्रेडमिल चाचण्यांच्या अभ्यासात व्यायामक्षमता एक मेटने वाढली की जगण्याची शक्यता १२ टक्क्यांनी सुधारलेली दिसली. एक मेट म्हणजे स्वस्थ बसले असताना शरीराला लागणारी ऊर्जा. जोरात चालताना त्याच्या चार-पाच पट लागते.

ही क्षमता किती लवकर जाते आणि परतही येऊ शकते, हे डॅलसच्या प्रयोगात दिसले. १९६६ मध्ये विशीतल्या पाच तरुणांना तीन आठवडे अंथरुणात झोपवून ठेवले होते. तीस वर्षांनी त्याच पाच जणांची पुन्हा तपासणी केली, तेव्हा तीस वर्षांच्या वाढत्या वयाने त्यांच्या क्षमतेची जेवढी हानी केली होती, त्याहून जास्त त्या तीन आठवड्यांनी केली होती असे दिसले. आणि पन्नाशीत सहा महिने व्यायाम करून वयाने नेलेली ती क्षमता त्यांनी परत मिळवली. पाच जण ही संख्या फार लहान आहे, तरी अंथरुणाला खिळण्याचा धोका मला याइतका कोणत्याच लेखातून समजला नव्हता.

म्हणून तुम्हाला माझी सूचना अशी की मिनिटे वाढवण्याआधी चालण्यात थोडा जोर आणा. चालताना बोलता यावे पण गाता येऊ नये, इतपत वेग हवा. पाऊण तासात चार-पाच वेळा दोन-दोन मिनिटे असे चाला की पूर्ण वाक्य बोलायला श्वास घ्यावा लागेल, आणि मध्ये वेग उतरवा. रक्तदाबासाठी बीटा-ब्लॉकर गटातली गोळी चालू असेल तर नाडीच्या ठोक्यांवरून वेग ठरवू नका, कारण ती गोळी ठोके वाढू देत नाही. बोलण्याची कसोटीच खरी. आठवड्यातून दोन दिवस स्नायूंना ताकदीचा व्यायामही द्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशींत १५० ते ३०० मिनिटांच्या मध्यम व्यायामाबरोबर तो स्पष्टपणे सांगितला आहे. खुर्चीवरून हात न टेकता उठणे-बसणे आणि भिंतीला हात टेकून जोर काढणे यांपासून सुरुवात केली तरी चालते.

रक्तदाबाचा वरचा आकडा तुमच्याकडे आठने उतरला आहे. उच्च रक्तदाब असलेल्यांत नियमित चालण्या-पळण्याच्या व्यायामाने साधारण पाच ते आठ अंकांची घट अपेक्षित असते, म्हणजे तुम्ही वरच्या टोकाला आहात. इथून पुढची घट आहारातून येईल. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डॅश चाचणीत भाज्या, फळे आणि कमी स्निग्धांशाचे दूध भरपूर आणि संपृक्त चरबी कमी अशा आहाराने उच्च रक्तदाब असलेल्यांचा दाब ११.४/५.५ अंकांनी उतरला. त्यात मीठ कमी केलेले नव्हते आणि वजनही स्थिर ठेवले होते. मीठ कमी केल्यास त्यात आणखी भर पडते.

एलडीएल जागचे हलले नाही याचे मात्र वाईट वाटून घेऊ नका. व्यायामाने ट्रायग्लिसराइड उतरतात आणि एचडीएल (‘चांगले’ कोलेस्टेरॉल) थोडे चढते. एलडीएल नुसत्या व्यायामाने फारसे कमी होत नाही. त्यासाठी संपृक्त चरबी कमी करावी लागते आणि मधुमेह असताना चाळिशीनंतर बहुतेकांना स्टॅटिन ही कोलेस्टेरॉल उतरवणारी गोळीही लागते. डॉक्टरांनी ती गोळी सुचवली असेल, तर ‘मी चालतो आहे ना’ या कारणाने टाळू नका. हा विचार मी स्वतः दोन वर्षे कवटाळून बसलो होतो आणि त्या दोन वर्षांत माझे एलडीएल तसूभरही हलले नाही.

वजन बिनमहत्त्वाचे आहे, असे मात्र मला म्हणायचे नाही. अमेरिकेतल्या मधुमेह प्रतिबंध चाचणीत ३,२३४ जोखमीच्या व्यक्तींपैकी ज्यांना सात टक्के वजन घटवणे आणि आठवड्याला १५० मिनिटे व्यायाम हे उद्दिष्ट दिले, त्यांच्यात मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी राहिले; मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी घेणाऱ्यांत ३१ टक्क्यांनी. ब्रिटनमधल्या डायरेक्ट चाचणीत सहा वर्षांच्या आतला मधुमेह असलेल्यांना काही महिने दिवसाला ८५० कॅलरींच्या आसपासचा आहार दिला, तेव्हा एका वर्षाने ४६ टक्के लोकांची साखर औषधांविना मधुमेहाच्या पातळीखाली होती. पण वजन असे उतरते ते ताटातून. चालण्याने खर्च होणाऱ्या कॅलरी थोड्या असतात. उतरलेले वजन पुन्हा चढू न देणे हे चालण्याचे खरे बळ आहे. तुमचा मधुमेह तीन वर्षांचा आहे, त्यामुळे डॉक्टरांच्या देखरेखीखाली या वाटेचा विचार करायला तुमच्याकडे अवधी आहे. औषधे चालू असताना इतका कमी आहार मात्र स्वतःच्या मनाने सुरू करू नका.

दुसरी बाजूही सांगायला हवी. लुक अहेड चाचणीत मधुमेह असलेल्या ५,१४५ जणांपैकी निम्म्यांना जवळपास दहा वर्षे काटेकोर आहार-व्यायामाखाली ठेवले, तरी त्यांच्यात हृदयविकाराचे झटके आणि पक्षाघात यांचे प्रमाण कमी झाले नाही, म्हणून ती २०१२ मध्ये थांबवावी लागली. त्यांना औषधे कमी लागली, झोपेतल्या श्वासरोधाचा त्रास घटला, हिंडण्याफिरण्याची ताकद टिकली. पण तुलनेच्या गटालाही रक्तदाबाची आणि कोलेस्टेरॉलची औषधे नीट मिळत होती. मी यातून घेतो ते एवढेच की गोळ्या आणि व्यायाम यांना एकमेकांविरुद्ध उभे करू नये.

म्हणून गोळ्या स्वतः बंद करू नका. मेटफॉर्मिन एकटी असेल तर व्यायामाने साखर धोकादायक उतरण्याची भीती फार कमी असते. पण ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड यांसारखी गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल, तर व्यायाम वाढला की साखर एकदम उतरू शकते आणि तेव्हा डोस डॉक्टरांनीच कमी करायला हवा. अशा वेळी चालण्याआधी साखर ९० च्या खाली असेल तर थोडे खाऊन निघा आणि खिशात साखर ठेवा. वजने उचलायला सुरुवात करण्यापूर्वी डोळ्यांचा पडदा तपासून घ्या, आणि रोज रात्री तळपाय पाहा. बधिर पायाला फोड आलेला कळत नाही. चालताना छातीत दडपण आले, जबडा किंवा डावा हात दुखला, किंवा नेहमीच्या चढावर अचानक जास्त धाप लागली, तर थांबा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. दडपण थांबल्यावरही गेले नाही तर थेट रुग्णालय गाठा.

पुढच्या तपासणीला जाताना पोटाचा घेर, जेवणानंतरच्या साखरेचे दोन रकाने आणि घरी मोजलेला आठवडाभराचा रक्तदाब असे एक पान सोबत न्या, आणि कोणती गोळी कमी करता येईल हे डॉक्टरांना ते पान समोर ठेवून विचारा.