मूळ ई. कोलाय आणि म्यूटएस (डीएनएतल्या चुका दुरुस्त करणारं जनुक) नसलेला ई. कोलाय यांच्या म्युटेशनच्या दराची तुलना करताना रिफॅम्पिसिन या प्रतिजैविकाच्या प्लेटवर तीन कल्चरमधून 4, 11 आणि 230 प्रतिरोधक कॉलन्या आल्या, चुकलं काय?

230 चा आकडा चूक समजून टाकून देऊ नका. रिफॅम्पिसिन म्युटेशन घडवत नाही, आधी घडलेलं फक्त दाखवतं. कल्चर वाढत असताना म्युटेशन लवकर झालं तर त्या पेशीची शेकडो पिल्लं प्लेटवर दिसतात, उशिरा झालं तर दोन-चारच. लुरिया आणि डेलब्रुक या शास्त्रज्ञांनी 1943 मध्ये नेमकं हेच दाखवलं. त्यामुळे तीन कल्चरची सरासरी काढून मूळ ई. कोलाय आणि म्यूटएस नसलेला ई. कोलाय यांची तुलना होत नाही.

दोन्ही स्ट्रेनच्या किमान वीस-वीस नळ्या लावा. ओव्हरनाइट कल्चर दहा लाखपट पातळ करा आणि प्रत्येक नळीत 1 मिली घ्या, म्हणजे सुरुवातीला दोनेक हजार पेशी असतील. बहुतेकांचं इथेच बिनसतं. नेहमीच्या सवयीने शंभरपटच पातळ केलं, तर म्यूटएस नसलेल्या स्ट्रेनच्या (पुढे नुसतं ‘म्यूटएस’) नळीत वीसएक प्रतिरोधक पेशी आधीच जातात आणि पुढचा सगळा हिशेब बिघडतो.

37 अंशांवर 24 तास हलवत वाढवा. मूळ स्ट्रेनचा पूर्ण 1 मिली सेंट्रिफ्यूज करून पसरा, म्यूटएसचा 0.1 मिली पुरतो. रिफॅम्पिसिन 100 मायक्रोग्रॅम प्रति मिली ठेवा. ते डीएमएसओ या द्रावकात विरघळवा, आणि प्लेटा अंधारात ठेवा, कारण प्रकाशात ते खराब होतं. तीन-चार नळ्यांतून रिफॅम्पिसिन नसलेल्या साध्या एलबी माध्यमाच्या प्लेटवर एकूण जिवंत पेशी मोजा. म्युटेशनचा दर काढताना मध्यक (मीडियन) वापरा, किंवा त्याहून बरं म्हणजे महत्तम संभाव्यता (मॅक्सिमम लाइकलिहूड) पद्धत. नळीतला किती भाग पसरला याची दुरुस्ती मात्र विसरू नका. म्यूटएसचा दर साधारण शंभरपट यायला हवा.

हा फरक मिसमॅच दुरुस्तीतून, म्हणजे डीएनएची नक्कल होताना चुकीच्या जुळलेल्या बेसच्या दुरुस्तीतून येतो. म्यूटएस प्रथिन चुकीची जोडी पकडतं, म्यूटएल म्यूटएचला चेतवतो, आणि म्यूटएच जीएटीसी क्रमापाशी नवा धागा कापतो. तिथे डॅम एन्झाइमने मिथाइल अजून लावलेलं नसतं, त्यावरूनच नवा धागा ओळखू येतो.

एक मर्यादा लक्षात घ्या. रिफॅम्पिसिनला प्रतिरोध आरपीओबी जनुकातल्या म्युटेशनमुळे येतो, आणि ते अत्यावश्यक जनुक असल्याने त्यात फ्रेमशिफ्ट (बेस वाढून किंवा गळून वाचनाची चौकट सरकणं) झालेली पेशी मरते. म्यूटएस नसताना एकसारख्या बेसच्या रांगांत फ्रेमशिफ्टही खूप वाढतात, पण या प्लेटवर त्या दिसणारच नाहीत. त्यासाठी फ्रेमशिफ्टने बिघडलेलं लॅकझेड जनुक पूर्ववत होण्याची चाचणी लावा. आणि म्यूटएस स्ट्रेन प्लेटवरून प्लेटवर नेत राहू नका, त्यात नवी म्युटेशन साचत जातात; दर वेळी उणे 80 अंशांवरच्या ग्लिसरॉल स्टॉकमधूनच सुरुवात करा.