व्हायोलिन घेऊन इंग्लंडला येताय म्हणून

धुळ्याच्या ताई, तुम्ही विचारलंय की मिस्टरांना इंग्लंडात नोकरी लागलीय, मुलगी चार वर्षं आपलं शास्त्रीय व्हायोलिन शिकतेय, तिचं तिकडे तुटेल का, आणि तुमची विशारद तिकडे शिकवायला चालेल का. व्हिसाबिसाचं मी काही सांगत नाही, ते साइटवर सगळं आहे. दोन दिवस तुमचा प्रश्न डोक्यातून जाईना म्हणून लिहायला बसले.

आधी कागद. विशारदच्या सर्टिफिकेटवर माझं माहेरचं नाव, पासपोर्टवर सासरचं, मधलं नाव एकीकडे वडलांचं, एकीकडे नवऱ्याचं. पोरांना शिकवायचं म्हटलं की इथे पोलीस चेक लागतो, तेव्हा या दोन बायका एकच आहेत हे पटवता पटवता माझे सात महिने गेले. नावाचं अ‍ॅफिडेव्हिट धुळ्यातच करून निघा. विशारदचं म्हणाल तर शाळेत कुणी बघितलीसुद्धा नाही.

आता मुलीचं. माझी लेक अमळनेरला तीन वर्षं मांडी घालून, व्हायोलिनचं टोक घोट्यावर टेकवून, सा-प-सा-प लावून शिकलेली. इथे शाळेत आठवड्यातून वीस मिनिटं बाहेरून एक बाई यायच्या. पहिल्याच दिवशी त्यांनी तारा पाश्चात्य पद्धतीने जी-डी-ए-ई ला लावल्या, व्हायोलिन हनुवटीखाली सरकवलं आणि वहीत लिहिलं, बिगिनर. पोरगी तेव्हा भूप रागात ताना घेत होती हो! मी भेटायला गेले तर बाई गोड हसून म्हणाल्या, हिची परंपरा वेगळी आहे ना, दिवाळीच्या असेंब्लीत नक्की वाजवू देत. तीन दिवाळ्या तेच. बाकी वर्षभर पाश्चात्य संगीताच्या परीक्षा, ग्रेड एक, ग्रेड दोन.

इथे काही बदलतच नाही असं नाही. ची-ची न्वानोकू म्हणून डबल बास वाजवणाऱ्या बाई आहेत, त्यांनी २०१५ ला चिनेके ऑर्केस्ट्रा काढला, त्यात बहुतेक वादक कृष्णवर्णीय नाहीतर आपल्यासारखे. २०१६ ला शेकू कॅने-मेसन हा पोरगा चेलो वाजवून बीबीसीची यंग म्युझिशियन स्पर्धा जिंकला, जिंकणारा पहिला कृष्णवर्णीय. लेकीला चिनेके ऐकायला घेऊन गेले, मी रडले, ती मध्यंतरानंतर झोपली.

अमेरिकेत तर बऱ्याच ऑर्केस्ट्रांच्या ऑडिशनला वाजवणारं कोण ते परीक्षकांना दिसू नये म्हणून मधे पडदा लावतात, टाचांच्या आवाजावरून बाई ओळखू येऊ नये म्हणून कधी कधी बूटसुद्धा काढायला लावतात. हे वाचलं आणि मला आमच्या गुरुजींच्या क्लासची खिडकी आठवली. बँडवाल्याचा पोरगा तिच्याबाहेर उभा राहायचा, आत कधी आला नाही. आम्ही पंधरा दिवस घासलेली चीज, म्हणजे बंदिश, तो त्याच आठवड्यात वरातीत क्लॅरिनेटवर काढायचा. गुरुजींना ऐकू जायचंच की. म्हणायचे, त्यांचं वेगळं असतं. मी सतरंजीवर पुढच्या रांगेत, आणि मलाही ते बरोबरच वाटायचं, खोटं कशाला लिहू. त्या शाळेतल्या बाईंचं ऐकून जो राग आला त्यात त्यांच्यावरचा किती आणि माझ्या स्वतःवरचा किती, हे अजून सुटं करता आलेलं नाही.

एकटेपणाचं विचारलंत. येतो. नोव्हेंबरात चारलाच अंधार पडतो. शेवभाजी करा, फोडणीने स्मोक अलार्म वाजतो, तो बंद करण्यात संध्याकाळ जाते.

शिकवायचं मात्र सोडू नका. माझ्याकडे शनिवारी घरीच सात पोरं येतात, चार आपली, दोन तमिळ, एक पोलिश. त्या पोलिश पोराला मांडी जमेना, तरी दोन महिने मी त्याला खालीच बसवलं, पाय मुंग्या येऊन बिचारा रडवेला व्हायचा. शेवटी लेकीनेच किचनमधलं स्टूल आणून त्याच्यापुढे ठेवलं. मी काही बोलले नाही. ती स्वतः आता हनुवटीखाली धरूनच भूप वाजवते. मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, जरा अडते, पण वाजवते.