४,००० मीटर उंचीचं शिखर एका दिवसात चढून-उतरून होईल का?

होईल, पण वेळेचं गणित घरीच मांडा. स्कॉटिश गिर्यारोहक नेस्मिथचा जुना नियम (१८९२) सांगतो: दर ५ किलोमीटरला एक तास आणि दर ६०० मीटर चढाईला आणखी एक तास. म्हणजे ८ किलोमीटरची वाट आणि १,२०० मीटर चढ असेल तर साधारण साडेतीन तास. कागदावर! ४,००० मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम ६० टक्के असतो, त्यामुळे दर श्वासात प्राणवायूही त्याच प्रमाणात कमी. मी तरी या आकड्याची सरळ दीडपट धरतो.

पहाटे अंधारातच निघा. उंच डोंगरांवर दुपारी ढग जमून विजा कडाडतात, आणि त्या वेळी उघड्या माथ्यावर असणं म्हणजे आपणच वीज ओढून घेणारी सळई होणं. म्हणून परतीची वेळ आधीच ठरवा, समजा सकाळी ११. माथा शंभर पावलांवर दिसत असला तरी ११ ला मागे फिरायचं. (हे बोलणं सोपं आहे, तिथे उभं राहून पाळणं महाकठीण.)

विरळ हवेमुळे डोकेदुखी, मळमळ सुरू झाली तर आणखी वर जाऊ नका. वाढली तर खाली उतरणं हाच खरा उपाय. झोकांड्या जात असतील तर लगेच खाली उतरा, क्षणभरही थांबू नका. शक्य असेल तर आदल्या एक-दोन रात्री अडीच-तीन हजार मीटरवर काढा, म्हणजे शरीराला विरळ हवेची सवय होते.

आणि हो, मांड्यांची खरी वाट उतारावर लागते, तेवढी ताकद शिल्लक ठेवा. काठ्या घ्याच.