बी.कॉम. झालं, आता भोसरीला शिकाऊ म्हणून जायचं का?

प्रश्न : ताई, मी यंदा बी.कॉम. झाले, ६३ टक्के मिळाले. आमच्या घरात पदवीपर्यंत पोहोचलेली मी पहिलीच. भोसरीच्या एका कारखान्यातून अकाउंट्स विभागात वर्षभराच्या अप्रेंटिसशिपसाठी बोलावणं आलंय. बाबा म्हणतात, "एवढं शिकून शिकाऊ कशाला व्हायचं? एम.कॉम. कर, नाहीतर एमपीएससीला बस." मैत्रिणी म्हणतात, नुसत्या बी.कॉम.ला कोण विचारतं? काय करू?
– एक वाचक, धायरी, पुणे

उत्तर : जा. पण सही करण्याआधी काही गोष्टी नीट विचारून घे.

"नुसतं बी.कॉम." हे ऐकलं की मला राग येतो. तुझ्या घरात ही पदवी पहिल्यांदा आली आहे आणि तिने बरंच काही तुझ्या हातात दिलंय. राज्यसेवा असो की बँकेची पीओची, म्हणजे अधिकारीपदाची, परीक्षा, कोणत्याही शाखेची पदवी चालते. वाणिज्य पदवीला ५५ टक्के असले की सीएची पहिली, फाउंडेशन परीक्षा न देता थेट इंटरमिजिएटला नोंदणी करता येते. तुला ६३ आहेत.

मी भोसरीतच एका कंपनीच्या अकाउंट्समध्ये अनेक वर्षं काढली, नव्या मुलामुलींच्या मुलाखती घेतल्या. हुशार मुलं जर्नल एंट्री धडाधड सांगायची. पुढ्यात खरं खरेदीचं बिल ठेवलं की मात्र थबकायची. समजा, पुरवठादाराने माल दिला, बिल दिलं, आपण पैसेही चुकते केले. पण त्याने ११ तारखेपर्यंत आपलं जीएसटीआर-१, म्हणजे विक्रीचं विवरणपत्र, भरलंच नाही. मग १४ तारखेला आपल्या जीएसटीआर-२बी मध्ये, म्हणजे आपल्या खरेदीच्या बिलांच्या यादीत, ते बिल दिसत नाही आणि त्यावरचं क्रेडिट, म्हणजे भरलेल्या जीएसटीची वजावट, अडकतं. २० तारखेच्या आत आपलं ३बी हे जीएसटीचं मासिक विवरणपत्र भरायचं असतं. अशा वेळी रजिस्टर उघडून एकेक बिल ताडून बघायचं, कुठलं राहिलंय ते शोधायचं, समोरच्याच्या अकाउंटंटला फोन करायचा आणि तो चिडला तरी आवाज न चढवता काम करून घ्यायचं. पुस्तकात हा एक परिच्छेद असतो. टेबलावर दर महिन्याला हेच करावं लागतं आणि सहा-आठ महिन्यांत ते अंगवळणी पडतं. पुढच्या मुलाखतीत तू हे स्वतः केलेलं काम म्हणून सांगशील, तेव्हा समोरचा माणूस तुझ्या टक्क्यांकडे बघणारही नाही. हे मी टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसून अनुभवलंय.

आता बाबांच्या शंकेबद्दल. शिकाऊ उमेदवारांचा कायदा १९६१ चा आहे. २०१४ च्या दुरुस्तीने तो बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी. झालेल्यांनाही खुला झाला. नॅट्स या केंद्राच्या शिकाऊ उमेदवार योजनेखाली किमान विद्यावेतनाचा निम्मा भार केंद्र सरकार उचलतं, म्हणून छोटे कारखानेही नवख्यांना घ्यायला तयार होतात. त्यात कमीपणा काही नाही. मात्र ही नोकरी नव्हे, हे पक्कं ध्यानात ठेव. पीएफ कापला जाणार नाही आणि वर्ष संपल्यावर कायम करण्याचं बंधन कंपनीवर नसतं.

म्हणून विचार : करार नॅट्सच्या पोर्टलवर नोंदवणार का? शेवटी प्रमाणपत्र मिळेल ना? आणि सगळ्यात महत्त्वाचं, मला कुठल्या टेबलावर बसवणार? वर्षभर फायली लावणं आणि झेरॉक्स काढणं एवढंच असेल, तर सरळ नाही म्हण. खरेदी, विक्री, बँक जुळवणी, टीडीएस ही कामं थोडी थोडी हाताखालून जायला हवीत.

धायरी ते भोसरी म्हणजे शहराची दोन टोकं. स्वारगेटपर्यंत बस, तिथून मेट्रोने नाशिक फाटा, पुढे एमआयडीसीत कंपनीची गाडी आहे का, हेही आजच विचार. रोजच्या प्रवासाने थकून मुली तिसऱ्या महिन्यात सोडतात, हे मी पाहिलंय.

एम.कॉम. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातूनही होतं, त्यासाठी वर्ष अडवून ठेवू नकोस. एमपीएससीला खुल्या गटाची वयोमर्यादा ३८ आहे, तेव्हा एका वर्षाने ती वाट बंद होत नाही. पण तिथे तुला स्वतःला जायचं असेल तरच जा. केवळ बाबांच्या आग्रहाखातर सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत वर्षं घालवलेली मुलं बघून माझा जीव तुटतो.

एकच अपवाद. सीए व्हायचं तुझ्या मनात पक्कं असेल, तर भोसरीला जाऊ नकोस. कारखान्यातली ही अप्रेंटिसशिप सीएच्या आर्टिकलशिपमध्ये, म्हणजे सीए होण्यासाठी लागणाऱ्या प्रत्यक्ष प्रशिक्षणात, धरली जात नाही. ती प्रॅक्टिस करणाऱ्या सीएच्या हाताखालीच करावी लागते. तसं असेल तर या महिन्यातच इंटरमिजिएटची नोंदणी कर आणि कारखान्याला लगेच नकार कळव, म्हणजे ती जागा दुसऱ्या कुणाला तरी मिळेल.