टर्बो लावलेल्या गाडीत फ्युएल प्रेशर पडतंय, आणखी मोठा पंप टाकू का?

नका टाकू. निदान एक कॅन, एक मल्टिमीटर आणि पाऊण तास खर्च केल्याशिवाय तरी नका.

तुम्ही लिहिलंय त्यावरून: जुनी ओएचसी व्हीटेक (होंडाचं इंजिन), ०.७ बार बूस्ट (टर्बोने वाढवलेला हवेचा दाब), टाकीत ताशी २५५ लिटरचा पंप, रेलवर (इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या पाइपावर) प्रेशर ठरवणारा ॲडजस्टेबल रेग्युलेटर. आयडलला प्रेशर बरोबर, पण तिसऱ्या गिअरमध्ये ५००० आरपीएमच्या वर काटा खाली येतो आणि वाइडबँड (हवा-पेट्रोलचं प्रमाण मोजणारा सेन्सर) लीन, म्हणजे पेट्रोल कमी, दाखवतो. गॅरेजवाला म्हणतो, ४५० चा पंप टाका.

आधी हिशेब करू, कारण नेमका तोच कुणी करत नाही. टर्बो पेट्रोल इंजिन दर बीएचपीमागे तासाला साधारण २७० ग्रॅम पेट्रोल खातं. तुमच्या गाडीचे १८० बीएचपी धरले तर ताशी ४९ किलो, म्हणजे ६६ लिटर. ई२० चं, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचं, जास्तीचं खाणं मिळवा, ७० म्हणा. पंपाचे २५५ लिटर हे ३ बार आणि १३.५ व्होल्टवरचे. ३.७ बारला (३ अधिक बूस्टचे ०.७) थोडे घटतील, तरी गरजेच्या तिप्पट उरतात. तिप्पट देणारा पंप असून प्रेशर पडत असेल तर पेट्रोल वाटेत कुठेतरी जातंय, अडतंय, किंवा पंपाला पुरेशी वीज मिळत नाहीये. ४५० चा पंप यातलं काहीही दुरुस्त करत नाही, तो फक्त झाकतो. वर १३-१५ अँपिअर ओढतो, म्हणजे वायरिंगचं दुखणं होतं त्याहून वाढतं.

डिट्टो अशीच एक गाडी सांगतो. इंजिन तेच, बूस्ट तोच, पंप तिसरा. आधीचे दोन ‘डुप्लिकेट निघाले’ म्हणून फेकले होते. २५५ च्या पंपांत डुप्लिकेट माल चिक्कार आहे, त्यामुळे हे कारण कुणालाही पटतं. आयडलला रेग्युलेटरची व्हॅक्यूम नळी (इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब त्याला कळवणारी) काढून ३ बार, लावून २.४. अगदी पुस्तकी. पण तिसऱ्यात ५५०० ला ३.७ हवं तिथे २.९. आता बूस्ट वजा केला तर इंजेक्टरच्या दोन्ही बाजूंमधला फरक ३ ऐवजी २.२ उरतो. प्रवाह या फरकाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात चालतो, म्हणून पेट्रोल १४ टक्के कमी. वाइडबँड ११.८ वरून १३.७ ला (एक भाग पेट्रोलमागे इतके भाग हवा) गेला तो एवढ्यामुळेच. बूस्टमध्ये १३.७ म्हणजे पिस्टनची राख. अशी गाडी ‘टेस्टसाठी’ परत परत ओढू नका, एका ओढीचा डेटालॉग (सेन्सरच्या आकड्यांची नोंद) पुरतो.

पहिली सापडली ती वीज. मल्टिमीटरच्या वायरी लांब करून केबिनमध्ये आणल्या, दोन्ही टोकं थेट पंपाच्या कनेक्टरवर, आणि गाडी लोडवर चालवली. बॅटरीवर १३.८, पंपावर ११.४. कंपनीच्या बारीक वायरीची ही मर्यादाच आहे: ०.७५ चौरस मिमीची पाच मीटर तांब्याची वायर ९ अँपिअरला एका बाजूनेच एक व्होल्ट खाते. उरलेलं खात होती अर्थिंग. रंगावरच स्क्रू मारला होता. नवी ४ चौरस मिमीची वायर थेट बॅटरीपासून, बॅटरीपासून वीतभर अंतरात २० अँपिअरचा फ्यूज, ३० अँपिअरचा रिले, आणि जुनी पंपाची वायर फक्त रिलेच्या कॉइलला, म्हणजे इंजिन बंद पडलं की पंपही बंद पडण्याची सोय तशीच राहते. ती सोय तोडून पंप थेट स्विचवर लावणाऱ्यांशी मला बोलायचंच नाही. अपघातात नळी फुटली तर तो पंप आगीत पेट्रोल ओतत राहील. अर्थिंगचा पत्रा चकचकीत घासून घ्या. मग बॅटरीचा निगेटिव्ह आणि पंपाचा निगेटिव्ह यांच्यामध्ये मीटर धरा, चालू पंपावर ०.२ व्होल्टच्या वर यायला नको.

एवढं करून पंपावर १३.४ आले. ५५०० चं प्रेशर? ३.३. सुधारलं, बरं झालं नाही.

इथेच बहुतेक जण थांबतात आणि पुन्हा पंपावर येतात. अरे, हिशेब बघा ना! ११.४ व्होल्टलासुद्धा चांगला पंप गरजेच्या दुपटीने देतो. वीज कमी होती हे खरं, पण एवढं प्रेशर पाडायला ती एकटी पुरत नाही. दोष सापडला आणि आकडा जुळला नाही, तर दुसरा दोष शिल्लक आहे.

त्या गाडीला पहिल्याच दिवशी करायला हवी होती ती परीक्षा आता झाली. तुम्हीही इथूनच सुरुवात करा. रेग्युलेटरपासून टाकीकडे जाणारी परतीची नळी रेग्युलेटरपाशी सोडा आणि तिथून दुसरी नळी पेट्रोलच्या धातूच्या कॅनमध्ये घ्या. पाण्याच्या बाटलीत नाही. इंजिन बंद आणि गार, गाडी उघड्यावर, शेजारी अग्निशामक. पंपाच्या रिलेच्या सॉकेटमध्ये ३० आणि ८७ नंबरच्या पिना फ्यूजवाल्या वायरने जोडून पंप बरोबर १५ सेकंद चालवा. त्या वेळी रेलचं प्रेशर ३ बार दिसलं पाहिजे. इंजेक्टर बंद असल्यामुळे ३ बारला पंप रेलपर्यंत जे पोचवतोय ते सगळं कॅनमध्ये येतं. मापून बघा. २५५ लिटर म्हणजे १५ सेकंदांत एक लिटर आणि वर थोडं. इंजिन बंद असताना व्होल्टेज बाराच्या आसपास असतं, म्हणून ८५०-९०० मिली आलं तरी पंप, फिल्टर आणि नळ्या पास.

त्या गाडीचं आलं २७० मिली. ताशी ६५ लिटर. म्हणजे जेवढी गरज, जेमतेम तेवढंच! आयडलला इंजिनाला ताशी लिटर-दीड लिटर लागतं, म्हणून तिथे सगळं छान दिसत होतं. रेग्युलेटर परतीचा रस्ता आवळून ३ बार धरून ठेवत होता. ५५०० ला परतीत आवळायला काही उरलंच नाही, तेव्हा काटा खाली आला. आयडलचं प्रेशर बघून ‘फ्युएल सिस्टीम ओके’ म्हणणाऱ्यांनी हा परिच्छेद पुन्हा वाचावा.

फिल्टर नवा होता, बाहेर कुठे थेंब नव्हता. मग मागचं सीट उचलून पंपाचं असेंब्ली बाहेर काढलं. पंपाच्या तोंडापासून झाकणाच्या पाइपापर्यंत जी बोटभर रबरी नळी असते, ती हाताला पिकलेल्या केळ्यासारखी लागत होती. क्लिपच्या कडेला करंगळीच्या नखाएवढी चीर. वाकवल्याशिवाय दिसत नव्हती, प्रेशर आलं की उघडायची. गळती टाकीतल्या टाकीत, म्हणून ना वास ना डाग. नळीवर छापलं होतं ३०आर९. चांगलीच नळी आहे, पण टाकीच्या बाहेर वापरायची. आतून पेट्रोल सहन करणं वेगळं आणि आतबाहेर पेट्रोलमध्ये बुडून राहणं वेगळं. बुडवायची नळी एसएई जे३०आर१०. तिची किंमत ऐकून लोक दचकतात, पण लागते वीतभर. २०२५ पासून सर्रास ई२० मिळतंय, तेव्हा बाहेरची स्वस्त नळी आत टाकून ‘चालतंय की’ म्हणायचे दिवस संपले. क्लिपही दात कापलेली जुबिली नको, ती रबर चिरते. गुळगुळीत कडेची इंजेक्शन क्लिप घ्या.

नळी बदलल्यावर कॅनमध्ये ८८० मिली आणि रस्त्यावर ३.७ बार, काटा हलला नाही. पंप तोच. बहुधा आधीचे दोनही चांगलेच असणार.

तुमच्याकडे कॅनमध्ये भरपूर आलं आणि तरी बूस्टमध्ये प्रेशर पडतंय, तर मग रेग्युलेटरची बूस्ट नळी (तीच ती व्हॅक्यूम नळी) तपासा. ती थेट प्लेनममधून (इंजिनाच्या इनटेकच्या हवेच्या डब्यातून), एकटी आणि आखूड हवी. बूस्ट गेज आणि ब्लो-ऑफ व्हॉल्व्हबरोबर टी मारून घेतलेली असेल तर आधी ती वेगळी करा. नळी काढल्यावर तिच्यात पेट्रोलचा वास किंवा ओल असेल तर डायफ्राम (रेग्युलेटरमधला पडदा) फाटलाय, रेग्युलेटर बाद. उलट आयडलला प्रेशर ३ च्या जागी ३.५-३.६ असेल आणि स्क्रू सोडूनही उतरत नसेल, तर मोठ्या पंपाचं पेट्रोल लहान परतीच्या पाइपात मावत नाहीये. परतीची नळी कॅनमध्ये सोडल्यावर प्रेशर उतरलं की हे सिद्ध.

प्रेशर बरोबर आणि तरी लीन असेल, तर इंजेक्टर संपलेत. ७००० आरपीएमला एका चक्राला १७ मिलिसेकंद मिळतात. लॉगमध्ये पल्स (इंजेक्टर उघडा राहण्याची वेळ) १५ च्या वर दिसली की पुढे जागा नाही. १८० बीएचपीला चार इंजेक्टर ८० टक्क्यांवर चालवायचे तर प्रत्येकी ३५० सीसी तरी हवेत. कंपनीचे लहान इंजेक्टर ठेवून रेग्युलेटरचा स्क्रू पिळणं हा जो आवडता उपाय आहे, त्यात बेस प्रेशर ३ वरून ४ केलं तर पेट्रोल वाढतं फक्त १५ टक्के, आणि पंपाची क्षमता मात्र घटते.

गेजबद्दल. रेलवरचं ग्लिसरीन भरलेलं घड्याळ गरम झालं की कमी दाखवतं, त्यावर ट्यून करू नका. ०-१० बारचा सेन्सर बसवून लॉग करा. बहुतेक ०.५ ते ४.५ व्होल्टचे असतात, ३ बारला १.७ आणि ३.७ ला १.९८ व्होल्ट यायला हवेत. पेट्रोलची नळी केबिनमधल्या गेजपर्यंत कधीच आणू नका.

हे सगळं परतीची लाइन असलेल्या, पोर्ट इंजेक्शनच्या (इंजेक्टर इनटेक पाइपात असलेल्या) गाड्यांचं. परतीची लाइन नसलेल्या सिस्टीममध्ये रेग्युलेटर टाकीत असतो आणि त्याला बूस्टचा पत्ताच नसतो, तिथे बूस्टमध्ये फरक घटणारच, तो दोष नव्हे. टीएसआय वगैरे डायरेक्ट इंजेक्शनला हाय प्रेशर बाजूची नळी तर सोडूच नका, तिथे शंभर बारच्या वरचा मामला आहे. आणि प्रेशर फक्त घाटातल्या वळणावर, टाकी पावच्या खाली असताना पडत असेल तर हे वरचं काहीच लागू नाही. पंप हवा ओढतोय. टाकी भरून तेच वळण घ्या. आता पडलं नाही तर कारण हेच, आणि उपाय लिटर-दीड लिटरचा सर्ज टँक (पंपाला सतत पेट्रोल मिळावं म्हणून लावलेली छोटी टाकी).

पंप कोणत्या कंपनीचा घ्यावा हेही विचारलंय. तुमचा कॅनमधला आकडा सांगा, मग बघू. पंप बहुतेक लागणारच नाही.

एक राहिलं. दुरुस्तीनंतर लगेच फुल बूस्ट देऊ नका. कमी प्रेशर सांभाळायला ट्यूनरने मॅपमध्ये (इंजिनाच्या कॉम्प्युटरमधल्या पेट्रोलच्या तक्त्यात) ५००० च्या वरच्या खान्यांत जास्तीचं पेट्रोल भरलेलं असण्याची दाट शक्यता आहे. प्रेशर ताळ्यावर आलं की तीच गाडी १० च्या खाली रिच (पेट्रोल जास्त) जाईल, प्लग काळे होतील आणि वरच्या आरपीएमला अडखळेल. ते अडखळणं बघून कुणीतरी पुन्हा पंपाचंच नाव घेईल. आधी तो जुना मॅप उघडून ते खाने बघा.